कलमांची राखण

रत्नागिरीत ‘कलम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि एप्रिल-मे महिन्यांत दोन्हींची गरज एकदमच पडते. एक कलम सड्यावर उभं असतं, फळांनी वाकलेलं. दुसरं कायद्याच्या पुस्तकात आडवं पडलेलं असतं. पहिल्यावरचा आंबा रातोरात गेला की दुसऱ्याची आठवण होते.

‘छोटे धंदेवाले आणि गुन्हेगारी’ असा विषय संपादकांकडून आला की शहरी डोळ्यांपुढे दुकानाचं शटर, कॅमेरा आणि रात्री काठी आपटत जाणारा पहारेकरी उभा राहतो. रत्नागिरीच्या बाजारपेठेतही शटरं आहेत. पण या जिल्ह्यातला सर्वांत मोठा छोटा धंदा उघड्यावर चालतो. त्याचा गल्ला फांदीला लटकलेला असतो आणि त्याला कुलूप लावायची सोय देवाने ठेवलेली नाही. जिल्ह्यात आंब्याखाली साठ हजार हेक्टरांहून अधिक जमीन आहे. त्यात मोठे बागायतदार आहेत, तसे चाळीस-पन्नास कलमांवर वर्षाचं गणित मांडणारेही पुष्कळ आहेत. या माणसांनी आपला माल आणि आपलं नाव कसं राखायचं, हा प्रश्न इथे दर हंगामात नव्याने पडतो.

‘राखण’ हा शब्द कोकणाला नवा नाही. वाडीचा एक राखणदार असतो, तो माणसांतला नव्हे. वर्षातून एकदा त्याला नारळ द्यायचा, कुठे कोंबडा द्यायचा, की तो हद्द सांभाळतो अशी श्रद्धा. हा नारळ एकट्याने देऊन भागत नाही. वर्गणी निघते, सगळी वाडी जमते. राखण हे सामाईक काम आहे, एवढं त्या रिवाजात पूर्वीपासून गृहीत धरलेलं आहे.

गडग्याच्या आत

पावस, गोळप, गावखडी या पट्ट्यात मार्चनंतर रात्री गाडी चालवली तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बॅटऱ्यांचे झोत फिरताना दिसतात. मध्येच डबा बडवल्याचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं, एखादी लांबलचक हाळी. जांभ्या दगडाचा गडगा कमरेएवढा असतो. तो गुरांना अडवतो. माणसाला अडवायचा त्याचा दावाही नसतो.

आतल्या खोपटात राहणारा राखणदार बहुतेक वेळा नेपाळहून आलेला असतो. पावसाळा सरल्यावर ही माणसं येतात, काही जण बायकामुलांसह, आणि मृगाच्या तोंडावर परततात. त्यांचं काम नुसता पहारा नाही. गवत काढणं, फवारणीला हात लावणं, झेल्याने आंबा उतरवणं, पेट्या भरणं हे सगळं त्यांच्याकडे असतं. मालक मुंबईला आणि बाग नेपाळी कुटुंबाच्या भरवशावर, असं दृश्य इथे कोणाला वेगळं वाटत नाही. २०२० च्या टाळेबंदीत ही माणसं इथे अडकली, तेव्हा बाहेरच्यांना पहिल्यांदा कळलं की हापूसची राखण कोणाच्या जिवावर चालते.

पगार, तांदूळ आणि राहायला जागा एवढा खर्च लहान बागायतदाराला एकट्याने झेपत नाही. मग लागून असलेल्या दोन-तीन बागांचे मालक मिळून एक राखण्या ठेवतात. कोणाच्या बागेतलं पाणी, कोणाच्या बागेतलं खोपटं, पगारात सगळ्यांचा वाटा. कागदावर काही नसतं. वाद होतोच: तुझ्या बाजूला तो जास्त फिरतो, माझ्याकडचा आंबा तसाच गेला. पण ज्या कोपऱ्यात वाट्याला कोणी तयार होत नाही तो कोपरा चोराला आधी कळतो, हेही सगळ्यांना ठाऊक असतं.

कोकणातल्या जमिनीची एक खोड इथे आडवी येते. सातबारावर दहा-बारा नावं, त्यातली निम्मी माणसं मुंबई-पुण्याला, काही तर हयातही नाहीत. अशी बाग कराराने देऊन टाकतात किंवा ती तशीच पडून राहते. पडीक बागेतून शेजारच्या चालत्या बागेत शिरणं सोपं. एका घरातली भाऊबंदकी शेजारच्याच्या आंब्याला भोवते ती अशी.

दिवसाचा चोर वेगळाच. वानरं आणि माकडं कळपाने येतात, एक आंबा खातात आणि दहा पाडतात. त्यांच्यावर कुठलंच कलम लागत नाही. उलट वन्यजीव म्हणून त्यांनाच कायद्याचं संरक्षण आहे. आंबा उत्पादकांच्या सभेत माणसांच्या चोरीवर दोन भाषणं झाली तर माकडांवर चार होतात, हे नमूद केलेलं बरं.

पाच हजारांच्या खाली

बागेतून आंबा गेला तर पोलिसांत जायचं, हे सांगायला ठीक आहे. पुढे काय होतं ते पाहण्यासारखं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. चोरी आता कलम ३०३ खाली येते. चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपीचा पहिलाच गुन्हा असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा आहे समाजसेवा. शिवाय पाच हजारांखालची चोरी आता अदखलपात्र आहे. म्हणजे पोलीस नोंद करून घेतात. तपास करायचा तर न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा पाव चोरणारा भुकेला माणूस असावा, आणि त्याला तुरुंगात न डांबण्यात शहाणपणच आहे. पण हापूसच्या बागेत हा आकडा विचित्र वागतो. फेब्रुवारीतली पहिली पेटी एवढी महाग असते की एका पेटीतच ती रेषा ओलांडली जाऊ शकते. तोच आंबा मे महिन्यात कॅनिंगच्या भावावर आला, किलोवर विकला जाऊ लागला, की भरलेलं पोतंही पाच हजारांच्या खाली राहतं. चोराला हे गणित शिकवावं लागत नाही. तो मेमध्येच येतो, थोडं थोडं नेतो, दर वेळी वेगळ्या बागेतून.

दहा बागांतून तीन-तीन हजारांचा आंबा गेला तर गावाचं नुकसान तीस हजारांचं होतं. ठाण्याच्या वहीत मात्र दहा फुटकळ नोंदी. त्याही दहा होत नाहीत, कारण तीन हजारांसाठी दिवस मोडून कोण जाणार? त्यामुळे गावातल्या शहाण्या माणसांचा आग्रह असतो की जायचं तर एकत्र जायचं. तारीखवार सांगायचं: कोणाची बाग, किती आंबा, कोणत्या बाजूने गेला, त्या रात्री कोणती गाडी उभी होती. सुट्या नोंदींत न दिसणारा माग अशा यादीत दिसू लागतो. सगळी माहिती एका कागदावर आणणं हेच संघटनेचं पहिलं काम, आणि त्याला पैसा लागत नाही.

दुसरं टोक खरेदीदाराचं. चोरलेला आंबा चोर खात बसत नाही. मेमध्ये रस्त्याच्या कडेला कॅनिंगचा आंबा घेणारी केंद्रं लागतात. काट्यावर क्रेट ठेवा, वजन होतं, पैसे मिळतात. आंबा कोणाच्या बागेतला, हे विचारायची पद्धत सगळीकडे नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पण ‘जाणूनबुजून’ सिद्ध करायचं कसं? विकायला येणाऱ्याचं नाव, गाव आणि गाडीचा नंबर वहीत लिहायचा, एवढी अट केंद्रांनी पाळली तरी अनोळखी माणसाची पंचाईत होते. ही अट एका केंद्राने पाळून उपयोग नाही. चोर पुढच्या केंद्रावर जातो.

नावाची चोरी

झाडावरून जाणारा आंबा डोळ्यांना दिसतो. त्यापेक्षा मोठी चोरी दिसत नाही, कारण तिथे आंबा जात नाही, नाव जातं.

वाशीच्या बाजार समितीत हंगाम भरात असताना कोकणच्या हापूसबरोबर कर्नाटकातला हापूसही येतो. झाड हापूसचंच, फळही दिसायला जवळपास तसंच. कर्नाटकच्या शेतकऱ्याने त्यात काही गुन्हा केलेला नाही. तो आपला आंबा आपल्या नावाने, कमी भावाने विकतो. गुन्हा घडतो तो पुढे, आंबा एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात जातो तेव्हा. नव्या खोक्यावर ‘देवगड’ किंवा ‘रत्नागिरी’ छापलेलं असतं. जुन्या खोक्यातल्या कन्नड वर्तमानपत्राच्या रद्दीच्या जागी मराठी रद्दी येते, असंही बाजारात गमतीने सांगतात. कधी वरच्या थरात अस्सल माल आणि खाली दुसरा. दादरच्या किंवा पुण्याच्या गिऱ्हाईकाला वरचा थर दिसतो, पेटीचा वास येतो, आणि तो पैसे मोजतो.

जाणकार सांगतात की कोकणच्या फळाची साल पातळ असते, कापल्यावर गर केशरी निघतो. कर्नाटकच्या फळाची साल जाड आणि गर पिवळट. पण हे कापल्यावर. पेटी विकत घेताना कोणी आंबा कापून दाखवत नाही. बाजार समिती दर वर्षी फसवणुकीविरुद्ध इशारे देते. इशाऱ्याचा परिणाम किती होतो, हे त्याच्या दर वर्षी निघण्यावरूनच समजावं.

अशा फसवणुकीविरुद्ध एकटा बागायतदार काय करणार? त्याचा एकही आंबा चोरीला गेलेला नाही. त्याचं नाव खोक्यावर नाही, जिल्ह्याचं आहे. जिल्ह्याच्या नावाने तक्रार कोणी करायची? नुकसान मात्र त्याचंच होतं, कारण स्वस्तातला ‘रत्नागिरी हापूस’ बाजारात असेपर्यंत त्याच्या खऱ्या हापूसला भाव मागायची सोय राहत नाही. वर त्या मालाला चव नसली तर शिव्याही रत्नागिरीलाच.

एक नाव, चार धनी

या पेचावरचं उत्तर कायद्यात आहे आणि तेही सामुदायिक आहे. भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ चा, अंमलात आला २००३ साली. एखाद्या प्रदेशामुळे ओळख मिळालेल्या मालाचं नाव त्या प्रदेशातल्या उत्पादकांचं, असं तो म्हणतो. हे नाव विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, भाड्याने देता येत नाही. कोकणातल्या सामाईक जमिनीसारखंच ते, फरक इतकाच की इथे भाऊबंद कोर्टात गेले तरी वाटणी होत नाही.

भाऊबंद आधी भांडलेच. देवगडकरांना ‘देवगड हापूस’ हे वेगळं नाव हवं होतं, रत्नागिरीकरांना रत्नागिरीचं. दोघांच्या मते दुसऱ्याचा आंबा बरा असतो, एवढंच. या वादात वर्षं गेली, आणि तेवढ्या काळात खोकी बदलणाऱ्यांचं छान चाललं. शेवटी ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘अल्फान्सो’ म्हणजे हापूस हे एकच नाव रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी नोंदलं गेलं. धनी चार: दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, रत्नागिरीची कोकण हापूस आंबा उत्पादक आणि उत्पादक विक्रेते सहकारी संस्था, देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था आणि केळशी परिसर आंबा उत्पादक संघ. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्यांनी एका नावाखाली सह्या केल्या, ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत अवघड पायरी होती असं म्हणायला हरकत नाही.

नाव नोंदलं म्हणजे प्रत्येक बागायतदाराला ते आपोआप मिळालं असं नाही. त्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपली नोंद करावी लागते. पाचशे रुपयांची फी २०२० साली दहा रुपयांवर आली. पैसा अडचण नव्हताच, अडचण सातबाराची. दहा-बारा नावांचा उतारा, त्यावर आंब्याची नोंद आहे की नाही, मुंबईच्या काकांची संमती. संस्थेच्या कार्यालयात कागद जुळवून देणारा माणूस बसवला की नोंदी वाढतात, नाहीतर अर्ज घरातल्या फडताळात राहतो.

आता दुसऱ्या कलमाकडे. खोटं भौगोलिक निर्देशन लावणं आणि तसा माल विकणं, दोन्हींना सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. पाच हजारांखालच्या चोरीसारखा हा गुन्हा अदखलपात्र नाही, दखलपात्र आहे. पोलीस वॉरंटशिवाय झडती घेऊन माल जप्त करू शकतात. मात्र अधिकारी उपअधीक्षक दर्जाचा किंवा त्यावरचा हवा, आणि झडतीआधी त्याने भौगोलिक निर्देशन निबंधकांचं मत घ्यायला हवं. त्यांची नोंदणी कचेरी चेन्नईला आहे. आंबा अढीतून काढल्यावर किती दिवस थांबतो, हे कायदा लिहिणाऱ्यांनी कोणा बागायतदाराला विचारलं नसावं. मुद्देमाल आधी पिकतो, मग सडतो.

फाटल्याशिवाय न उघडणारं

म्हणून उत्पादकांनी पोलिसांची वाट पाहण्याऐवजी मालावरच खूण करायचं ठरवलं. रत्नागिरीच्या संस्थेने क्यूआर कोडचा मार्ग धरला: पेटीवरचा कोड फोनने टिपला की बागायतदाराची माहिती दिसते. कल्पना चांगली, पण कोडची झेरॉक्स निघते. एका खऱ्या कोडच्या हजार नकला हजार खोक्यांवर डकवल्या तर प्रत्येक खोक्यातून तोच प्रामाणिक बागायतदार हसत बाहेर येणार.

देवगडच्या संस्थेने २०२५ च्या हंगामात यावर पुढचं पाऊल टाकलं. मुंबईच्या सन सोल्युशन्स या कंपनीचं छेडछाड-रोधक सील त्यांनी प्रत्येक फळावर लावणं सक्तीचं केलं. पेटीवर नव्हे, फळावर. कारण पेटी बदलता येते. सीलवर प्रत्येक फळाचा वेगळा क्रमांक असतो आणि त्याचा एक भाग झाकलेला असतो. गिऱ्हाइकाने सीलचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. उलट प्रश्न येतो: आतला क्रमांक सांगा. तो सील फाडल्याशिवाय दिसत नाही. दोन्ही जुळले की बागायतदार कोण, गाव कोणतं, ही माहिती येते. फाटलेलं सील दुसऱ्या आंब्यावर लावता येत नाही, आणि बाहेरून फोटो काढून छापलेल्या नकलेच्या आत खरा क्रमांक नसतो.

यंत्राची ही करामत लोकांना सांगायला आवडते. पण सगळ्या योजनेचा कणा वेगळा आहे, आणि तो साधा आहे. कोणाला किती सीलं द्यायची, हे त्याच्याकडे फळ देणारी कलमं किती आहेत यावर ठरतं. शंभर कलमांच्या मालकाला हजार कलमांची सीलं मिळत नाहीत. दार्जिलिंगच्या चहावाल्यांना ही अक्कल आधीच आली होती. २००४ साली भारतातलं पहिलं भौगोलिक निर्देशन त्या चहाला मिळालं. त्या डोंगरावर पिकतो त्याच्या कितीतरी पट चहा त्या नावाने जगात विकला जातो, अशी तक्रार जुनी होती. म्हणून चहा मंडळाने मळ्यातून निघालेल्या किलोंचा आणि विकलेल्या किलोंचा मेळ घालायची पद्धत बसवली. खोट्या मालाच्या मागे धावण्यापेक्षा खऱ्या मालाचा हिशेब ठेवणं सोपं पडतं.

आणि हिशेब ठेवायचा म्हटलं की चोर बाहेरचाच असतो ही सोयीची समजूत टिकत नाही. आंबा घाट उतरून किंवा महामार्गाने परप्रांतातला आंबा थेट कोकणात येतो, इथल्याच पेटीत बसतो आणि ‘बागेतून थेट’ म्हणून निघतो, ही कुजबुज बागायतदारांतच चालते. ज्याचं पीक त्या वर्षी बुडालं, गिऱ्हाइकांना शब्द मात्र दिलेला आहे, त्याला हा मोह होतो. सीलं उरली तर ती कोणाला तरी हवीच असतात. बाहेरच्याला जेल आणि आपल्याला समज, असा दुहेरी न्याय ठेवला तर सीलची किंमत एका हंगामात संपते.

दलालाची उचल

‘मग खोकी बदलणाऱ्याला मालच देऊ नका,’ असं पुण्यात बसून म्हणणं सोपं आहे. फवारणीची औषधं, खत, राखण्यांचे पगार यांना पैसे लागतात ते पावसाळ्यानंतर. आंबा विकला जातो मार्चनंतर. मधल्या महिन्यांत वाशीचा दलाल उचल देतो. उचल घेतली की पेटी त्याच्याच गाळ्यावर जाते, भाव तो सांगेल तो, आणि हंगामाच्या शेवटी पट्टी येते तिच्यात कापलेल्या रकमांचा हिशेब बागायतदाराने विचारायचा म्हटलं तरी कोणत्या तोंडाने? सगळे दलाल लबाड नसतात. वाईट वर्षी सांभाळून घेणारेही आहेत, आणि त्यांच्यामुळेच पुष्कळ बागा उभ्या आहेत. पण शेजारच्या गाळ्यावर खोकी बदलताना दिसली तरी कर्जदार बागायतदार बोलत नाही. गुन्ह्याचा साक्षीदारच बांधलेला असतो.

सहकारी संस्थेचा उपयोग इथे कळतो. औषधं-खतं संस्थेकडून हंगामाच्या बोलीवर मिळाली, माल थेट गिऱ्हाइकाला जाऊ लागला, तर तक्रार करणाऱ्याच्या पाठीशी काहीतरी असतं. निनावी तक्रार संस्थेच्या नावाने पुढे गेली तर एकाच माणसावर राग निघत नाही. गुन्हेगारीशी लढायचा हा भाग कोणत्याही पोलिसी पुस्तकात सापडणार नाही, तो संस्थेच्या खतावणीत सापडतो.

थेट विक्रीने दुसरं दार उघडलं आणि त्यातूनही चोर आलेच. हंगामात समाजमाध्यमांवर आंब्याच्या जाहिरातींचा पूर येतो. फोटो खऱ्या बागेचे, बऱ्याचदा कोणा बागायतदाराच्याच पानावरून उचललेले. आगाऊ पैसे पाठवले की नंबर बंद. अशा वेळी १९३० या सायबर मदत क्रमांकावर जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त, कारण पैसा एका खात्यात फार वेळ थांबत नाही. पण पैसे बुडतात ते गिऱ्हाइकाचे आणि विश्वास उडतो तो बागायतदारावरचा. आपल्या नावाचं खोटं पान निघालं हे त्याला बहुतेक वेळा रागावलेल्या अनोळखी माणसाच्या फोनवरूनच कळतं.

पाण्यावरची हद्द

आंब्याची गोष्ट सांगताना रत्नागिरीत समुद्राकडे पाठ करून बसता येत नाही. मिरकरवाड्याच्या बंदरात हाच पेच खाऱ्या पाण्यात दिसतो. पारंपरिक मच्छीमारांचा धंदा छोटा. त्यांची रापण तर गावकीची. किनाऱ्यावरून जाळं टाकायचं, सगळ्यांनी ओढायचं, वाटे करायचे. त्यांच्या मासळीवर घाला येतो तो पर्ससीन जाळ्यांचा आणि रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासळी खेचणाऱ्या नौकांचा. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या हद्दीत पर्ससीनला मोजके महिने आणि मोजके परवाने राहिले. एलईडीच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा कडक झाला. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनची नजर आली.

ड्रोन येण्याआधी ही नजर मच्छीमारांचीच होती. रात्री क्षितिजावर उजेड दिसला की एका होडीतून दुसरीला निरोप, तिथून किनाऱ्यावर, तिथून मत्स्यव्यवसाय खात्याला. गस्ती नौका पोहोचेपर्यंत दिवे मालवलेले असायचे, ही तक्रारही तितकीच जुनी. आणि ज्याच्याविरुद्ध निरोप द्यायचा तो पुष्कळदा पलीकडच्या मोहल्ल्यातला, बंदरात शेजारी नौका लावणारा, लग्नाकार्यात भेटणारा. त्याच्या नौकेवर आपलाच भाचा खलाशी. बागेतल्या कुजबुजीचं आणि बंदरातल्या गप्प बसण्याचं कारण एकच आहे.

दिवाळीनंतर

हापूसच्या नावावरचे दावे अजून संपलेले नाहीत. ‘वलसाड हापूस’ या नावासाठी २०२३ साली गुजरातेतून अर्ज गेला आणि रत्नागिरीच्या संस्थेने त्याला हरकत घेतली. जुन्नरच्या हापूसलाही आपलं वेगळं नाव हवं आहे. म्हणजे वकील, पुरावे, चेन्नईच्या फेऱ्या. एकट्या बागायतदाराला हा खर्च स्वप्नातही परवडला नसता. संस्थेची वर्गणी वेळेवर का भरायची, याचं यापेक्षा चांगलं कारण सध्या कोणाकडे नाही.

हा अंक वाचकाच्या हातात पडेल तेव्हा ऑक्टोबरच्या उन्हाने सड्यावरचं गवत पिवळं पडलेलं असेल. रत्नागिरी स्टेशनात थांबणाऱ्या गाड्यांतून वळकट्या आणि पत्र्याच्या ट्रंका घेऊन राखणदार येऊ लागतील. त्यांची नावं, फोटो, ओळखपत्रं ठाण्यात द्यायची असतात. काही मालक देतात, काहींच्या लक्षात मार्चमध्ये येतं. पावसाने ढासळलेला गडगा रचून घेतला जाईल. कलमांना पालवी किती, मोहोर किती, यावर पारावर अंदाज चालतील.

पुढच्या हंगामाच्या नोंदीसाठी कोणी आपली फळती कलमं सांगेल. कागदावर आकडा कितीही लिहिता येतो. पण अर्ज भरला जातो तो गावातल्याच चार माणसांदेखत, आणि त्यांतल्या एकाचा गडगा सांगणाऱ्याच्या बागेला लागून असतो. आकडा ऐकून तो मान वर करतो. “एवढी कधी झाली रे तुझी?” मग दोघं उठून बाग मोजायला जातात.